शुद्धलेखनाचा पहिला धडा : आपल्या गावाचे नाव

शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सहावीच्या वर्गात मी एक लहानशी चाचणी घेतो. फळा कोरा ठेवतो आणि मुलांना एवढेच सांगतो, "आपली शाळा ज्या गावात आहे, त्या गावाचे नाव वहीत लिहा." दोन मिनिटांत वह्या गोळा होतात. त्यांत 'शनीशिंगणापूर' असते, 'शनिशिंगणापुर' असते, 'शनिशिंगनापूर' असते आणि काही वह्यांत 'शनिशिंगणापूर'ही असते. ज्यांनी बरोबर लिहिले, त्यांना ते बरोबर का, हे बहुधा सांगता येत नाही. यात मुलांचा आळस नाही. रस्त्यावरील आणि दुकानांवरील फलकांतही हे सारे प्रकार पाहावयास मिळतात. मग मी त्या चारही नावांना फळ्यावर स्थान देतो आणि सांगतो, "पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम तुम्हीच तयार केलात."

पाचवी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना मराठीचे शुद्धलेखन व व्याकरण आणि इंग्रजीतील मोठ्या अक्षरांचा योग्य वापर कसा शिकवावा, याविषयी या स्मरणिकेच्या निमित्ताने काही अनुभव मांडावेत, असा विचार आहे. 'कसे' या प्रश्नाआधी 'कशासाठी' हा प्रश्न येतो. निवासी शाळेत त्या प्रश्नाचे उत्तर देणे टाळता येत नाही. कारण आपल्याकडे येणारी पुष्कळशी मुले आपापल्या घरची बोली घेऊन येतात आणि येथे त्यांना प्रथमच छापील मराठी सतत भेटते.

एका नावातील चार नियम

'शनि' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द. संस्कृतात त्याचा शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे. मराठीत मात्र असे ऱ्हस्व इकारान्त आणि उकारान्त तत्सम शब्द स्वतंत्रपणे लिहिताना शेवटी दीर्घ लिहावेत, असा नियम आहे. म्हणून शनी, कवी, गुरू, भिक्षू. परंतु हाच शब्द समासाच्या आरंभी आला, की मूळचा ऱ्हस्व स्वर परत येतो : शनिवार, कविसंमेलन, गुरुदक्षिणा, भिक्षुसंघ. म्हणून 'शनी' दीर्घ आणि 'शनिशिंगणापूर' ऱ्हस्व. हा नियम समजला, की मुले स्वतःच आपल्या आवारातील शब्द तपासू लागतात. 'वसती' दीर्घ, पण 'वसतिगृह' ऱ्हस्व. 'स्मृती' दीर्घ, पण 'स्मृतिदिन' ऱ्हस्व. निवासी शाळेतील मुलाला 'वसतिगृह' हा शब्द आयुष्यभर अर्जांवर लिहावा लागणार आहे. तो त्याला सकारण यावा.

दुसरा नियम 'पूर' या शब्दाचा. गावाच्या नावाला लागणारा 'पूर' दीर्घ लिहावा, असे मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत स्वतंत्रपणे सांगितले आहे. संस्कृतातील 'पुर' ऱ्हस्व असल्यामुळे ही स्पष्टता आवश्यक होती. म्हणून नागपूर, सोलापूर, श्रीरामपूर, शिंगणापूर.

तिसरा नियम याच्याच पाठोपाठ येतो आणि मुलांना तो सर्वांत चमत्कारिक वाटतो. 'शिंगणापूर' दीर्घ, पण 'शिंगणापुरात' ऱ्हस्व. मराठी अकारान्त शब्दातील शेवटच्या अक्षराआधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो. प्रत्यय लागला, की तो ऱ्हस्व होतो : फूल-फुलाला, गरीब-गरिबाला, सून-सुनेला. शब्दाचा शेवट अन्य दीर्घ स्वराने होत असेल, तर आधीचा इकार-उकार मुळातच ऱ्हस्व असतो. येथे आपला परिसर पुन्हा मदतीला येतो. शेजारचे गाव 'राहुरी', त्यात 'हु' ऱ्हस्व. आपण राहतो तो 'तालुका', त्यात 'लु' ऱ्हस्व. नदी 'मुळा', त्यात 'मु' ऱ्हस्व. झाडाचे 'मूळ' मात्र दीर्घ, आणि 'मुळाशी' म्हटले, की पुन्हा ऱ्हस्व. 'मूळ', 'मुळाशी', 'मुळा' हे तीन शब्द मोठ्याने म्हणून पाहिले, की कानालाही फरक जाणवतो. तत्सम शब्द या नियमाला अपवाद आहेत. 'तरुण', 'मधुर', 'मंदिर' हे मुळाप्रमाणेच राहतात. पण अपवाद दुसऱ्या महिन्यात सांगावेत. पहिल्याच दिवशी नियम आणि अपवाद एकत्र दिले, तर मुलाच्या हाती दोन्ही लागत नाहीत.

चौथा मुद्दा 'न' आणि 'ण' यांचा, आणि तो केवळ लेखनाचा नाही. 'शिंगनापूर', 'पानी', 'कोन' असे लिहिणारे मूल आपल्या कानाशी प्रामाणिक असते. त्याच्या घरी हे शब्द असेच उच्चारले जातात. या मुलाला 'तुझा उच्चार अशुद्ध आहे' असे सांगण्यापूर्वी शिक्षकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'पाणी' या शब्दाचे संस्कृत मूळ 'पानीय' असे आहे. त्यात 'न'च आहे. प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि तो प्रमाण मराठीने स्वीकारला. हिंदीने 'न' ठेवला. म्हणजे 'पानी' म्हणणारे मूल कोणतेही पाप करीत नसून छापील मराठीने वेगळी निवड केली आहे, इतकेच. ती निवड शिकायची असते. त्यासाठी घरच्या उच्चाराची लाज बाळगण्याचे कारण नाही.

'शुद्ध' हा शब्द जपून वापरावा

शुद्धलेखनाचे नियम पूर्वापार चालत आले आहेत, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. शतकानुशतके मराठीतील दैनंदिन व्यवहार मोडी लिपीत चालत आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. मुद्रणासाठी देवनागरी रूढ झाल्यावर हा भेद सर्वांसमोर प्रश्न म्हणून उभा राहिला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आले. आज आपण जे नियम पाळतो, ते मराठी साहित्य महामंडळाचे आहेत. त्यांतील चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. अशा प्रकारे हे अठरा नियम माणसांनी एकत्र बसून केलेला करार आहेत.

या कराराचा प्रत्यय विद्यार्थ्यांना एका उदाहरणातून सहज येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नियतकालिकांतील जुनी पाने पाहताना मुले थबकतात. 'नांव', 'पांच', 'केलें' अशी अनुस्वारयुक्त रूपे पाहून एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, "सर, बाबासाहेबांचे शुद्धलेखन चुकले होते का?" नाही. त्या काळी उच्चारात नसलेले अनुस्वारही व्युत्पत्ती किंवा व्याकरण दाखविण्यासाठी लिहिले जात. १९६२ च्या नियमांनी ते काढून टाकले. त्या काळचा करार त्यांनी पाळला, आजचा आपण पाळावा. हे उत्तर मिळाल्यावर नियमांचा दरारा कमी होतो आणि नियमांविषयीचे कुतूहल वाढते.

याची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त महात्मा जोतीराव फुले यांच्या भाषेवर आणि व्याकरणावर उपहासात्मक टीका केली होती. फुले काय सांगत आहेत, याऐवजी ते कसे लिहितात, याकडे बोट दाखविता आले. लेखनातील चूक ही विचार नाकारण्याची सबब कशी होते, याचे हे उदाहरण आहे. त्यातून दोन धडे निघतात. पहिला शिक्षकांसाठी : चूक दाखविताना विचार नाकारू नये. दुसरा विद्यार्थ्यांसाठी : आपले म्हणणे नाकारण्यासाठी कोणाला ही सबब मिळू देऊ नये.

लाल शाईचा एक अनुभव

हे मी आज लिहितो आहे. परंतु नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मला ते ठाऊक नव्हते. त्या वेळी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. ऊसतोड कामगारांचा एक मुलगा वर्गात होता. 'माझी आई' या निबंधात त्याने लिहिले होते, "कोयता लागला तवा आईनं फडकं बांधलं आन् परत ऊस तोडाया लागली." मी त्या एका वाक्याला लाल शाईने सहा गोल केले आणि वही परत दिली. पुढच्या निबंधात त्याने मार्गदर्शकातून पाच वाक्ये उतरवून आणली. आई प्रेमळ आहे, आई सकाळी लवकर उठते, अशी ती वाक्ये होती. त्यात एकही चूक नव्हती. त्यात त्याची आईही नव्हती.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. विद्यार्थ्याच्या वहीची दोन पाने समोरासमोर ठेवावीत. डाव्या पानावर घरची भाषा, उजव्या पानावर छापील भाषा. 'तवा'समोर 'तेव्हा', 'आन्'समोर 'आणि', 'तोडाया'समोर 'तोडायला'. डावे पान खोडायचे नाही. किंबहुना कथेत किंवा संवादात पात्राच्या तोंडी त्याच्या बोलण्याच्या पद्धतीची रूपे लिहिण्यास महामंडळाच्या नियमांनीही मुभा दिली आहे. अर्ज, अहवाल आणि उत्तरपत्रिका यांसाठी उजवे पान. आईच्या तोंडचे वाक्य लिहायचे असेल, तेव्हा डावे. कोणते पान कधी उघडायचे, हे ज्याला कळले, त्याला भाषा कळली. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात, बुद्धवचने प्रतिष्ठित वैदिक भाषेत घालण्याची काही भिक्षूंची सूचना तथागतांनी नाकारल्याचा प्रसंग आहे. लोकांनी ती आपापल्या भाषेत शिकावीत, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. तो प्रसंग भाषाशिक्षकाने मनात ठेवावा.

जेथे चुकीने अर्थ बदलतो

सर्व चुका सारख्या नसतात. ज्या चुकीने अर्थ बदलतो, तिला अग्रक्रम द्यावा. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे केविलवाणा, दरिद्री. १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या तारखांना लागणाऱ्या कापडी फलकांवर 'धम्मचक्र प्रवर्तन दीन' आणि 'महापरिनिर्वाण दीन' असे लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. एका वेलांटीने अभिमानाचा दिवस दीनवाणा होतो. हे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांना पुन्हा सांगावे लागत नाही.

अनुस्वाराचेही तसेच. 'वंदन' म्हणजे नमस्कार आणि 'वदन' म्हणजे तोंड. 'शिक्षकाने' म्हणजे एका शिक्षकाने, आणि 'शिक्षकांनी' म्हणजे अनेकांनी किंवा आदराने एकाने. 'बाबासाहेबानी' असे लिहिणाऱ्याच्या मनात आदर असतो. पण कागदावर तो उतरत नाही. मराठीत आदर हा अनेकवचनाने व्यक्त होतो आणि अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा लागतो. त्या एका टिंबाचे व्याकरण एवढे आहे.

'बुद्ध' हा शब्द आपल्या शाळेत दिवसातून कितीदा लिहिला जातो! तरीही तो 'बुध्द' असा लिहिलेला आढळतो. जोडाक्षरात आधी 'द्' आणि मग 'ध' आहे. याचे कारण व्याकरणात आहे. 'बुध्' म्हणजे जाणणे, जागे होणे. या धातूला 'त' प्रत्यय लागतो. दोन अक्षरे जवळ आल्यावर 'ध्'मधील हवेचा जोर पुढच्या अक्षराकडे सरकतो; 'ध्'चा 'द्' होतो आणि 'त'चा 'ध' होतो. तळहात तोंडासमोर धरून 'बुद्ध' म्हणून पाहावे; हवेचा झोत दुसऱ्या अक्षरावर जाणवतो. 'शुध्'पासून शुद्ध, 'सिध्'पासून सिद्ध, 'युध्'पासून युद्ध, 'वृध्'पासून वृद्ध. एक शब्द समजला, की सिद्धार्थ, प्रबुद्ध आणि शुद्धलेखन हे सारे शब्द एकदमच सुधारतात.

देवनागरीत नसलेली मोठी अक्षरे

इंग्रजीच्या तासाला वेगळीच अडचण येते. देवनागरीत लहान आणि मोठी अशी दोन प्रकारची अक्षरे नाहीत. त्यामुळे विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे का काढायचे, हा प्रश्न मराठी मुलाच्या मनात उमटणे स्वाभाविक आहे. नुसते पाठांतर दिले, की ते मूल वाक्याच्या मध्यभागीही कॅपिटल अक्षरे पेरू लागते.

प्रथम मराठीतील अडचण दाखवावी. "मी जनता वाचतो" या वाक्याचा अर्थ काय? १९३० मध्ये सुरू झालेले बाबासाहेबांचे 'जनता' पत्र वाचतो, की लोकांचे चेहरे वाचतो? मराठीत आपण नावाभोवती अवतरणचिन्हे देऊन हा घोटाळा टाळतो. इंग्रजी हेच काम मोठ्या अक्षराने करते. एकदा उपयोग कळला, की नियम हलका होतो.

मग नियम थोडक्यात द्यावेत. वाक्याचे पहिले अक्षर मोठे. व्यक्ती, गाव, नदी, देश यांच्या नावांचे पहिले अक्षर मोठे. 'मी' या अर्थाचा 'आय' कोठेही आला तरी मोठा. वार आणि महिने यांची नावे मोठ्या अक्षराने, ऋतूंची मात्र लहान. नावापासून बनलेली विशेषणेही मोठ्या अक्षराने : इंडियन, मराठी, बुद्धिस्ट. येथेही आपले गाव उपयोगी पडते. शनी या ग्रहाचे इंग्रजी नाव 'सॅटर्न' आणि शनिवाराचे 'सॅटरडे'. दोन्ही भाषांनी त्या वाराला एकाच ग्रहाचे नाव दिले आहे. दोन्ही विशेषनामे, म्हणून दोन्हींचे 'एस' मोठे. ही जोडी ऐकलेले मूल 'सॅटरडे'चा 'एस' सहसा चुकत नाही.

वर्गातील क्रम

आठवड्याला एकच नियम घ्यावा आणि त्याची उदाहरणे परिसरातून, हजेरीपटातून आणि भोजनगृहाच्या फलकावरून शोधावीत. उदाहरणार्थ, ज्या आठवड्यात 'पैसा-पैशाला, घसा-घशाला' हा नियम असतो, त्या आठवड्यात 'नेवासा-नेवाशात' हे उदाहरण मुलेच काढतात आणि 'नेवाश्यात' असे का लिहायचे नाही, हेही सांगतात.

वही तपासताना त्या आठवड्याच्या नियमापुरतीच खूण करावी. चुकलेल्या शब्दाला गोल करण्याऐवजी ओळीच्या शेवटी समासात एक टिंब द्यावे. त्या ओळीत काहीतरी आहे, ते विद्यार्थ्याने स्वतः शोधावे. शोधलेला शब्द मागील पानावरील 'माझे शब्द' या यादीत जावा. महिन्याअखेरीचे श्रुतलेखन प्रत्येकाच्या स्वतःच्या यादीतून व्हावे आणि ते जोडीदाराने घ्यावे. वर्गात एक शब्दकोश, मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' आणि अरुण फडके यांचे 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाताशी असावीत. ज्या गावाची ख्याती दारे-कुलपे नसलेल्या घरांसाठी आहे, तेथे पुस्तकांना तरी कुलूप कशाला?

निवासी शाळेला एक विशेष संधी आहे. संध्याकाळच्या अभ्यासवेळेत मुलांना घरी पत्र लिहू द्यावे. ते शिक्षकाने तपासू नये. मित्राने वाचावे आणि जेथे अडखळले, तेवढेच सांगावे. विरामचिन्हे कशासाठी असतात, हे या वाचनात कळते. पूर्णविराम चुकला, की वाचणाऱ्याचा श्वास चुकतो.

आणखी एक काम पहिल्याच महिन्यात करावे. प्रत्येकाने स्वतःचे, आईचे आणि वडिलांचे नाव मराठीत व इंग्रजीत बिनचूक लिहावे आणि शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंदीशी ताडून पाहावे. प्रवेशाच्या वेळी चुकलेली एक वेलांटी किंवा इंग्रजीतील एक अक्षर पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यात, जातीच्या दाखल्यात आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात उतरते. मग दोन कागदांवरील नावे जुळत नाहीत आणि अर्ज परत येतो. ज्या घरात आधी कोणी शाळेत गेलेले नाही, तेथे ही चूक पकडणारे पहिले माणूस आपला विद्यार्थीच असतो.

समारोप

या जिल्ह्याच्या ठिकाणी १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. त्याच 'ज्ञानोदया'त १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले आणि ते छापले गेले. म्हणूनच ते आज आपल्याला वाचता येते. तिच्या आधी हे दुःख कोणी बोलले नसेल, असे नाही. बोललेले विरून गेले, लिहिलेले उरले.

बाबासाहेबांनी पाली भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करण्यासाठी श्रम घेतले. ते काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. राज्यघटनेच्या रचनेत अग्रभागी असलेल्या माणसाला शब्दांची रूपे तपासत बसणे क्षुल्लक वाटले नाही. आपल्या विद्यार्थ्यांनाही ते तसे वाटू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वर्षाच्या अखेरीस मी तीच चाचणी पुन्हा घेतो. या वेळी मात्र नाव लिहून भागत नाही, त्याखाली कारणही लिहायचे असते. गेल्या वर्षी एका मुलाने गावाचे नाव बरोबर लिहिले आणि खाली लिहिले, "घरी आम्ही शिंगनापूर म्हणतो. कागदावर शिंगणापूर लिहितो. दोन्ही मला येतं." शेवटच्या शब्दावरचा अनुस्वार मी तसाच राहू दिला.